आंधळ्या वळणावरची डोली

मित्रांनो, डोंगरावरच्या जुन्या देवळाला प्रदक्षिणा घालताना मागच्या बाजूला एक पडवी लागते. तिथे मोडक्या समया, फाटक्या सतरंज्या आणि तेलाचे रिकामे डबे ठेवलेले असतात. त्या पसाऱ्यात भिंतीला टेकून एक उंच पाठीची लाकडी खुर्ची उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे आहेत आणि त्या दांड्यांवर कोळ्यांनी संसार थाटला आहे. ती मी. मी डोली आहे. ज्यांना डोंगर चढवत नाही अशा माणसांना मी देवीपर्यंत नेत असे. खरे तर 'नेत असे' हेही बरोबर नाही. मला दोन माणसे नेत, आणि माझ्यात बसलेला तिसरा देवीपर्यंत पोहोचे. ही गोष्ट त्या दोघांची आहे. माझी म्हणून सांगते आहे, कारण त्यांची म्हणून ती कोणी सांगत नाही.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी एका सुताराच्या अंगणात झाला. त्या सुताराचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला होता. तरुणपणी त्यानेही डोल्या वाहिल्या होत्या. म्हणून तो रंधा मारताना लाकडापेक्षा वाहणाऱ्याचा विचार जास्त करी. जड डोली म्हणजे फुकट बसलेला प्रवासी, असे तो म्हणे. त्याने माझे पाय बारीक केले, हात पोकळ केले आणि बसायची जागा सुतळीने विणली. पाठ मात्र उंच केली. म्हाताऱ्या माणसाला मान टेकता यावी, एवढाच त्याचा हेतू. पण त्या उंच पाठीमुळे एक गोष्ट झाली. मागच्या दांड्याखाली जो उभा राही, त्याला समोर माझी पाठ सोडून काहीच दिसत नसे. पुढचे पाऊल कुठे पडणार, तेसुद्धा नाही.

मला ज्यांनी नेले ते दोघे दाजी आणि मेहुणा. पायथ्याच्या वस्तीत सगळे त्यांना याच नावांनी ओळखत. दाजी वयाने मोठे, अंगाने सडपातळ, आवाजाने खणखणीत. ते पुढे. मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, रुंद पाठीचा, तोंडाचा फटकळ. तो मागे. बाकीचे डोलीवाले त्याला शेपूट म्हणून चिडवत. तो चिडत नसे. तो म्हणे, बैलाला शेपूट नसेल तर माश्या कोण हाकणार?

त्यांच्या कामाची रीत अशी होती. पुढचा बघायचा आणि बोलायचा, मागचा ऐकायचा आणि पाऊल टाकायचा. दाजी चालता चालता बारीक आवाजात शब्द टाकत जात. "पायरी." "उंच." "ओलं आहे." "सपाट." वळण आले की म्हणत, "शेपूट बाहेर." म्हणजे मेहुण्याने कडेच्या अंगाने मोठा वळसा घ्यायचा, नाहीतर माझे लांब दांडे आतल्या कातळाला घासत. मेहुणा एका शब्दाचाही उलटा प्रश्न विचारत नसे. तोंडाने मात्र त्याचे चालूच असे. एकदा चढ फार झाला तेव्हा तो मागून म्हणाला, "दाजी, आम्ही आमची बहीण तुमच्या गळ्यात बांधली, तर तुम्ही ही डोली माझ्या खांद्यावर बांधलीत. फिटंफाट."

"तुझ्या बहिणीला एकदा हिच्यात बसव," दाजी म्हणाले, "मग कळेल कोण फायद्यात राहिला ते."

माझ्यात बसलेला माणूस हसला, मी हलले, आणि दोघांनीही एकदम पाऊल सावरले. असे ते दिवस होते. मला खांदे चांगले मिळाले होते.

आता देवीची कथा ऐका, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. अर्ध्या वाटेवर एक पार आहे. तिथे मला टेकवून दाजी ती कथा प्रत्येक प्रवाशाला सांगत. फार पूर्वी खाली एक बहीण-भाऊ राहत होते. बहीण जन्मापासून पांगळी, भाऊ जन्मापासून आंधळा. गावावर रोगराई आली आणि लोकांनी त्याचे खापर या दोघांवर फोडले. त्यांना शिवेबाहेर काढले. भावाने बहिणीला खांद्यावर घेतले आणि समोर डोंगर होता तो चढायला लागला. ती वाट सांगे, तो चाले. एका वळणावर वाट इतकी अरुंद झाली की एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती दरी. तिथे बहीण बोलायची थांबली. भावाने विचारले, का गं, गप्प का झालीस? ती म्हणाली, मी डोळे मिटले आहेत. तू एवढी वाट अंधारात चाललास, आता थोडी मीही चालते. भाऊ थांबला नाही. तो चालत राहिला आणि पडला नाही. वर पोहोचल्यावर बहीण त्याच्या खांद्यावरून उतरली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि तिथेच तिची शिळा झाली. तीच ही देवी.

म्हणून त्या जागेला आंधळे वळण म्हणतात. तिथे आले की यात्रेकरू डोळे मिटतात आणि पुढच्याचा हात धरून थोडी पावले तसेच चालतात. डोलीत बसलेले नुसते डोळे मिटून हात जोडतात. फक्त डोलीवाल्यांना ही रीत लागू नाही. त्यांनी डोळे मिटले तर कसे चालेल?

कथा संपली की कोणीतरी हमखास विचारी, भावाचे पुढे काय झाले? दाजी म्हणत, ते कथेत नाही. देवळात बहिणीची मूर्ती आहे, तिच्यापुढे दिवा आहे, घंटा आहे. भावाची मूर्ती नाही. मी इतक्या वेळा वर गेले, मला तरी दिसली नाही.

वर्षे गेली. माझी सुतळी दोनदा बदलली, दांडे हात लागून लागून गुळगुळीत झाले. मग दाजींच्या शब्दांत मला काहीतरी वेगळे जाणवू लागले. जो बघून बोलतो, त्याचा शब्द पावलाबरोबर येतो. दाजींचा शब्द आता पावलाच्या थोडा आधी येऊ लागला होता. पाठ केलेली कविता मुले जशी घाईने म्हणतात, तसा. ते वाट बघत नव्हते, वाट म्हणत होते.

एकदा पायरीच्या कडेला कुत्रे झोपले होते. दाजींनी शब्द दिला नाही. मेहुण्याचा पाय त्याच्या शेपटीवर पडला, कुत्रे ओरडत पळाले, मी जोरात हिंदकळले. मेहुणा हसून म्हणाला, शेपटाने शेपटीवर पाय दिला, भाऊबंदकी आहे. प्रवासी हसला. दाजी हसले नाहीत.

दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचे थोडे दिसे, बाजूचे गेले होते. डॉक्टरांनी सांगितले होते की उरले आहे ते औषधाने टिकवता येईल, गेले ते परत येणार नाही. ही गोष्ट घरात फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे मेहुण्याच्या ताईला माहीत होती. एका दुपारी ती डबा घेऊन पायथ्याच्या शेडमध्ये आली. दाजी हात धुवायला गेले होते. मी तिथेच उभी होते. ताई इकडेतिकडे बघून भावाला म्हणाली, "तुला एक सांगायचंय. मी सांगितलं म्हणून त्यांना बोलू नकोस. त्यांना नीट दिसत नाही रे."

मेहुणा भाकरीचा तुकडा मोडत होता. तो म्हणाला, "मला कोण नवीन सांगतंय? त्यांच्या मागे मीच असतो ना."

"मग तू चढतोस कसा?"

"त्यांना वाट पाठ आहे. आणि मला ते पाठ आहेत."

ताईने डब्यातली चटणी त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली की त्यांना घरी बसवले तर ते महिन्याभरात खचतील, आणि नाही बसवले तर मला रोज देव आठवतो. मेहुण्याने तिच्या डब्यातली चटणी संपवली आणि म्हणाला, देव आठवायला वर जावे लागते, आम्ही रोज जातो, तुझी काळजी पोहोचवतो.

त्या दिवसानंतर मला एका गोष्टीचा उलगडा झाला. मेहुणा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येई आणि मोकळ्या हातांनी एकटाच डोंगर चढे. घाम पुसत परत येई, तोवर दाजी येत. मग तो सहज गप्पा मारल्यासारखे सांगे. पाराजवळची फरशी हलते आहे म्हणे. वरच्या टाक्याजवळ कुणीतरी वाळू टाकली आहे म्हणे. दाजी मान हलवत आणि ते मनात ठेवत. वाटेत जे बदलले असेल ते मेहुणा असे त्यांच्या पाठांतरात घालून ठेवी. आपल्याला कोणी काही सांगते आहे, हे दाजींना तेव्हा कळलेच नाही. त्यांना वाटे, मेहुण्याला उगाच चौकशा करायची सवय आहे.

एका दिवशी मात्र ते जमले नाही. संध्याकाळी शेवटची डोली उतरल्यावर कामगारांनी आंधळ्या वळणावर दरीकडच्या दगडी ओट्यात खड्डा खणला होता. दरीच्या बाजूला कठडा बांधायचा होता. लोकांच्या भल्यासाठीच होता तो कठडा. सकाळी मेहुणा वर जायला निघाला तेवढ्यात एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. आई उतारवयाची, आयुष्यभर शिवणकाम केलेली, पाठीतून वाकलेली. मुलगी गयावया करून म्हणाली की देऊळ सकाळच्या पूजेनंतर बंद होते, आईला आजच दर्शन हवे आहे, उद्या तिचे ऑपरेशन आहे. दाजी आलेच होते. मेहुण्याने एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा त्या आजींकडे पाहिले, आणि दांडा खांद्यावर घेतला.

पारावर दाजींनी आजींना कथा सांगितली. आजींनी पदराने डोळे पुसले. मुलगी पुढे निघून गेली होती, पूजेचे ताट घ्यायला. आम्ही आंधळ्या वळणावर आलो. आजींनी डोळे मिटले आणि हात जोडले. दाजी आतल्या बाजूने, कातळाला धरून चालत होते. खणलेला ओटा पलीकडे, दरीच्या अंगाला होता, आणि बाजूचे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी नेहमीचा शब्द दिला.

"मोकळं आहे. शेपूट बाहेर."

मित्रांनो, त्या क्षणी आम्ही चौघे तिथे होतो. पुढच्याला दिसत नव्हते. मागच्याला माझ्या पाठीमुळे दिसत नव्हते. मधे बसलेलीला दिसले असते, पण तिने भक्तीने डोळे मिटले होते. आणि मला दिसत होते, पण मला तोंडच नाही.

मेहुण्याचा पाय खड्ड्यात गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडते तसा आवाज होतो. तो गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि माझे मागचे दांडे त्याच्याबरोबर खाली यायला लागले. तसे झाले असते तर आजी माझ्यातून घसरून सरळ दरीत गेल्या असत्या. पण दांडे खाली आले नाहीत. मेहुण्याने ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरले. मोडलेला पाय खड्ड्यात, दुसरा गुडघा दगडावर, आणि मी त्याच्या तळहातांवर. त्याच्या हातांची थरथर माझ्या सगळ्या लाकडातून जात होती. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "दाजी, हलू नका. जागेवर थांबा." दाजी थांबले. मागून दुसरे डोलीवाले धावत येईपर्यंत दोघे तसेच राहिले.

आजींनी डोळे उघडले तेव्हा त्या दरीच्या काठावर सरळ बसलेल्या होत्या. केसालाही धक्का नव्हता. त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, देवीआईने धरले मला. त्यांना दुसऱ्या डोलीतून वर नेले. त्यांनी पुजाऱ्याला सांगितले, मुलीला सांगितले, भेटेल त्याला सांगितले. त्यांच्यावर माझा राग नाही. डोळे मिटलेल्या माणसाला जेवढे दिसले, तेवढे त्यांनी सांगितले.

मेहुण्याला झोळीत घालून खाली नेले. दवाखान्यात तो बरेच दिवस होता. पाय राहिला, पण गुडघ्यातून वाकेनासा झाला. न वाकणाऱ्या गुडघ्याने सपाट जमिनीवर चालता येते. डोंगर चढता येत नाही.

आणि माझे काय झाले? माझे नशीब उघडले. मला देवळाच्या सभामंडपात नेऊन ठेवले. माझ्यावर कुंकू वाहिले, दांड्यांना हार घातले, पाठीवर रेशमी वस्त्र पांघरले. लोक रांगेने येऊन मला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत. लहान मुलांना माझ्यात क्षणभर बसवत. उत्सवमूर्तीसारखी मी मिरवत होते. पुजारी चांगला माणूस होता, पण गोष्ट तोंडातोंडी वाढते तशी त्याच्याही तोंडी वाढली. सुरुवातीला तो म्हणे, डोलीवाला पडला तरी देवीने डोली सावरली. मग म्हणू लागला, डोली हवेत राहिली. पुढे पुढे डोलीवाला गोष्टीतून गळूनच गेला. डोली होती, दरी होती, देवी होती.

हवेत! मला बोलता येत असते तर मी सांगितले असते. मी जन्मात कधी हवेत राहिलेली नाही. मी नेहमी कोणाच्या तरी अंगावरच होते.

दाजींनी त्या दिवसापासून डोंगर सोडला होता. खड्डा तुम्हाला दिसला कसा नाही, असे कोणी विचारले की ताईच पुढे होऊन म्हणे, अंधुक होते, धुके होते. मेहुणाही तेच म्हणे. दवाखान्यातून आल्यावर त्याने सगळ्यांना सांगून टाकले की देवीची इच्छा होती. त्याला माहीत होते, खरे कारण बाहेर आले तर दाजींना वस्तीत मान वर करून चालता येणार नाही. लोकांना चमत्कार मिळाला होता, आणि त्या चमत्काराच्या आडोशाला दाजी सुरक्षित होते.

पण दाजींना एक गोष्ट अजून माहीत नव्हती. ती ताईने सांगितली. एक दिवस तिला असह्य झाले आणि ती बोलून गेली, की त्याला पहिल्यापासून ठाऊक होते, तो रोज सकाळी तुमच्यासाठी वाट बघून यायचा. दाजींनी जेवणाचे ताट बाजूला सारले. दुसऱ्या दिवशी ताईचा हात धरून ते डोंगर चढायला लागले.

हे मी कसे सांगते? ते सभामंडपात आले तेव्हा ताईच्या चेहऱ्यावरून मला कळले, आणि उरलेले तिने तिथेच पुजाऱ्याच्या बायकोला रडत सांगितले. मंडपात गर्दी होती. पुजारी माझ्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगत होता. तो "हवेत" म्हणाला, तेव्हा दाजी पुढे आले. त्यांनी हात पुढे करून मला चाचपले. माझा दांडा त्यांच्या हाताला लागला, आणि ते त्याला धरून उभे राहिले.

"हवेत नव्हती ही," ते म्हणाले. "माझ्या मेहुण्याच्या हातांवर होती. खड्डा मला दिसला नाही, कारण मला दिसत नाही. त्याला ते माहीत होतं, तरी तो माझ्यामागे चढायचा."

पुजारी त्यांच्या जवळ आला आणि हळू आवाजात समजावू लागला की दाजी, लोकांची श्रद्धा आहे, कशाला मोडता.

"मी कुठं मोडतोय?" दाजी म्हणाले. "श्रद्धेत एक माणूस बसेल एवढी जागा करा, एवढंच म्हणतोय."

त्यानंतर माझ्यावरचे कुंकू कमी होत गेले. कोणी रागावले नाही, कोणी भांडले नाही. हार सुकले ते बदलले गेले नाहीत. ज्या डोलीखाली एक मोडका पाय आहे, तिला हात लावून कपाळाला लावायला लोकांना बरे वाटेना. एका सफाईच्या दिवशी रेशमी वस्त्र काढून घेतले आणि मला या पडवीत आणून ठेवले. माझी सुतळी उंदरांनी नेली. आता माझ्यात कोणी बसले तर सरळ जमिनीवर येईल.

पडवीपलीकडे डोलीवाले दम खायला बसतात, म्हणून मला खालच्या बातम्या मिळतात. मेहुणा पायथ्याशी यात्रेकरूंच्या चपला सांभाळतो. दाजींचे सांगणे ऐकून तो खूप चिडला होता. म्हणाला, माझा पाय एवढा तरी कामाला येत होता, तोही तुम्ही वाया घालवला. काही दिवस त्याने अबोला धरला. मग एका सकाळी दाजी त्याच्याशेजारी येऊन बसले. दोघे काय बोलले ते कोणी ऐकले नाही. पण आता तिथे रोज दोन माणसे बसतात. एक चपला घेतो आणि एक कथा सांगतो. कथा तीच, फक्त भावाचे पुढे काय झाले असे कोणी विचारले की दाजी मेहुण्याकडे तोंड वळवतात आणि मेहुणा म्हणतो, चप्पल इथे ठेवा, गर्दी करू नका.

दाजींची नजर आता पुरती गेली आहे. ताईचे केस लवकर पिकले.

डोलीवाल्यांनी मात्र एक नवी रीत पाडली आहे. सकाळी दांडा उचलण्याआधी मागचा माणूस पुढे येतो, पुढच्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूला हात नेतो आणि बोटे दाखवतो. किती? मग दुसऱ्या बाजूला. किती? पुढचा मुद्दाम चुकीचे सांगतो, शिव्या खातो, मग खरे सांगतो. खूप थट्टा चालते. पण बोटे दाखवल्याशिवाय कोणी डोली उचलत नाही.

मित्रांनो, मला परत विणा, मला रंग द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे लाकूड जुने झाले, ते चुलीत गेले तरी हरकत नाही. मागणे एकच आहे. आयुष्यात तुम्हाला कोणी ना कोणी उचलून नेत असते. कोणी पुढे असतो, त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. कोणी मागे असतो, तो दिसत नाही. मुक्कामाला पोहोचलात की हात जोडा, जरूर जोडा. पण त्याआधी खाली उतरून एकदा मागे वळा आणि त्या माणसाला विचारा, तुझा पाय बरा आहे ना?